पणजोबा १९४२ साली बोटीवर गेले ते परत आलेच नाहीत. नाव कुठे शोधायचं?

गिर्येची नात:

नमस्कार मंडळी. आमचं मूळ घर गिर्ये, तालुका देवगड. मी ठाण्याला असते, आजी गावी असते. तिचे वडील म्हणजे माझे पणजोबा, मुंबईहून परदेशी जाणाऱ्या आगबोटीवर खलाशी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत बोटीवर चढले आणि परत आले नाहीत. आजी तेव्हा पाच महिन्यांची होती, असं पणजी सांगायची.

पणजी १९८८ साली गेली. तिने शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. तिन्हीसांजेला पायरीवर कंदील ठेवायची, आणि कुणी विषय काढलाच तर एवढंच म्हणायची, "येतलो तो."

घरात तीन गोष्टी ऐकत आले आहे. थोरला मामा म्हणतो ते रामदास बोटीत गेले. शेजारचे आबा सांगायचे, मुंबईच्या गोदीत स्फोट झाला त्यात गेले. आजीला लहानपणी कुणीतरी सांगितलं होतं की जपान्यांनी धरून नेलं. तार आली होती का, कंपनीचं पत्र आलं होतं का, आज सांगणारं कुणी नाही.

गेल्या महिन्यात सातबाऱ्याच्या कामाला गेलो तर पणजोबांचं नाव अजून तसंच. मृत्यूचा दाखला मागितला. घरी येऊन सगळे जमिनीचंच बोलत बसलो होतो. आजी भाजी निवडत होती, ती मान वर न करता म्हणाली, "माझो बापूस खंय रवलो, ता कोण इचारणा नाय."

तेव्हापासून मला झोप नाही. आजी आता त्र्याऐंशीची आहे. तिच्या हयातीत काही कळेल का? सुरुवात कुठून करायची? आणि काही कळलंच, तर या वयात तिला सांगावं का?

टपालवाले काका, हर्णै:

ताई, तुमचा मजकूर रात्री वाचला, पहाटे उठून परत वाचला. मी पोस्टात ३६ वर्षं काढली, त्यातली बहुतेक दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर. आपल्याकडे पोस्ट म्हणजे मनीऑर्डर. कुणाच्या घरी दर महिन्याला पैसे येतात आणि कुणाचे येता येता एकदम थांबले, हे पोस्टमनइतकं कुणाला ठाऊक नसतं. नोकरी सुटल्यावर मी अशी नावं शोधायला लागलो. आजवर एकोणीस घरांसाठी शोधलं. अकरा जणांचा पत्ता लागला. आठ जणांचा नाही लागला, तेही आधीच सांगून ठेवतो.

पहिली आली ती बुरोंडीची एक खाला. तिचे वडील बोटीवर होते आणि "मोंबासाच्या लाइनीवर" एवढाच शब्द तिच्या आईने जपून ठेवलेला. आम्ही संगणकावर नाव घातलं, काही नाही. तिच्या नातवाने आणि मी मिळून ते नाव आठ-नऊ तऱ्हांनी लिहून पाहिलं, तेव्हा सापडलं. बोटीचं नाव तिलावा. तारीख २३ नोव्हेंबर १९४२.

ही तिलावा ब्रिटिश इंडिया कंपनीची बोट. २० नोव्हेंबरला मुंबईहून सुटली, मोंबासा, लॉरेन्सो मार्क्स (आताचं मापुटो) आणि डर्बनला जायला. तिसऱ्या रात्री सेशेल्स बेटांच्या ईशान्येला, भर समुद्रात, आय-२९ या जपानी पाणबुडीने तिला दोन टॉर्पेडो मारले. बोटीवर ९५८ माणसं होती. बर्मिंगहॅम या ब्रिटिश युद्धनौकेने आणि कार्थेज बोटीने मिळून ६७८ वाचवली आणि २७ तारखेला वाचलेल्यांना मुंबईला परत आणलं. २८० माणसं समुद्रात राहिली. त्यात खलाशी होते, आफ्रिकेला दुकानं असलेले गुजराती होते, बायका होत्या, पोरं होती. त्याच बोटीत चांदी होती. २०१७ साली तिच्या २,३६४ लगडी तळातून वर काढल्या आणि त्या कुणाच्या यावर पुढे वर्षानुवर्षं खटला चालला. त्या बातम्या वाचताना मला खालाची आठवण यायची. तिला चांदी नको होती. तिने मला एकच विचारलं, "रात होती का दिवस?" मी सांगितलं, रात्र होती, पौर्णिमेच्या आगेमागेची. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे उजेड होता."

तुमचे पणजोबा तिलावावरच होते असं मी मुळीच म्हणत नाही. त्या काळात हिंदी महासागरात आणि अटलांटिकमध्ये किती बोटी बुडाल्या, आणि जवळजवळ प्रत्येकीवर आपली माणसं होती. मोठी बोट ऐकली की तिलावा म्हणायचं, ही घाई करू नका.

आधी तीन गोष्टींचा गुंता सोडवा. रामदास बुडाली १७ जुलै १९४७ ला, रेवसला जाताना. तेव्हा महायुद्ध संपून जवळजवळ दोन वर्षं झाली होती आणि ती परदेशी जाणारी बोटही नव्हती. पण त्या बुडण्याने सहाशेवर माणसं नेली, घरोघरी रडारड झाली, आणि पुढे किनाऱ्यावर "बोट बुडाली" म्हटलं की लोक रामदासच समजायला लागले. असे घोटाळे मी चार घरांत पाहिले. गोदीचा स्फोट १४ एप्रिल १९४४ चा, व्हिक्टोरिया डॉकमध्ये, फोर्ट स्टिकीन बोटीवर कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. त्यात शेकडो गेले आणि किती जणांची ओळखसुद्धा पटली नाही. आजी तेव्हा केवढी होती, त्यावरून यातलं काय जुळतं ते बघा. पण आजीच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर तिच्यावर विसंबू नका. मास्तर तेव्हा सगळ्यांनाच १ जून घालायचे. जन्मटिपण असेल, बारशाच्या वेळचा काही उल्लेख असेल, कुठल्या देवकार्याच्या वर्षी जन्मली अशी आठवण असेल, तर ती जास्त खरी.

आता नाव. यातच सगळं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपली माणसं अंगठा लावायची. समोरचा कारकून ऐकू येईल तसं इंग्रजीत लिहायचा. धोंडूचा डोंडू होतो, राघोचा रागू होतो, विठूचा वितू. ठ, ढ, घ, भ यांतला ह कधी असतो, कधी उडतो. आडनाव बहुतेक नसतंच, माणसाचं आणि बापाचं नाव जोडून लिहिलेलं असतं. त्यामुळे आडनावाने शोधलंत तर काही मिळणार नाही. पणजोबांचं पाळण्यातलं नाव वेगळं आणि गावात हाक मारायचं नाव वेगळं होतं का, ते आजीला विचारा. बोटीवर हाकेचंच नाव गेलेलं असतं.

गावाचंही तेच. तुमचं देवगड तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं, सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ साली. म्हणून कागदावर "गिर्ये" नसलं आणि नुसतं "रत्नागिरी" असलं तरी ते नाव सोडू नका. मुरूड-श्रीवर्धनकडच्या माणसापुढे जंजिरा संस्थान लिहिलेलं असू शकतं. विजयदुर्गचं स्पेलिंगही तऱ्हेतऱ्हेचं असतं.

ही नावं आहेत कुठे? राष्ट्रकुलाचा युद्धस्मारक आयोग आहे, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. त्यांच्या संकेतस्थळावर नाव फुकट शोधता येतं. समुद्रात गेलेल्या हिंदी खलाशांना थडगं नाही, म्हणून त्यांची नावं पुस्तकात लिहिली. दुसऱ्या महायुद्धातली सुमारे साडेसहा हजार नावं त्या पुस्तकात आहेत. एक प्रत चितगावला आणि एक आपल्या मुंबईत, मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारकही तिथेच आहे. मी खालाच्या नातवाला घेऊन गेलो होतो. आधी फोन करून विचारून जा. पान उघडल्यावर घाईने फोटो काढू नका, आधी वाचा. एकाच बोटीखाली ओळीने आपल्या किनाऱ्याची नावं येतात तेव्हा हात थांबतो.

संकेतस्थळावर शोधायची तऱ्हा अशी. नावाची पहिली तीनच अक्षरं घाला, देश म्हणून भारत आणि दल म्हणून व्यापारी नौसेना निवडा, साल १९४१ ते १९४३. मग जितकी नावं येतील तितकी बसून वाचा. कंटाळवाणं काम आहे, दोन-चार रविवार जातील. पुढे कधी बापाचं नाव असतं, कधी वय, कधी हुद्दा, कधी काहीच नाही.

हे सगळं करायच्या आधी मात्र घरातली पेटी उघडा. पणजीची पेटी असणारच. पत्र कुणी वाचलं नसेल म्हणून काय झालं, पाकीट बघा. पाकिटावर सेन्सॉरची चिकटपट्टी, परदेशातला शिक्का, मनीऑर्डरचं फाडलेलं कूपन, त्यावरचा महिना. खालाच्या डब्यात कुराणाच्या पानांमध्ये असं एक कूपन निघालं होतं. शेवटची मनीऑर्डर कुठल्या महिन्याची, एवढं कळलं तरी शोध निम्मा होतो.

आजीला सांगावं का, हे तुम्ही विचारलंत. सांगावं. ती त्र्याऐंशी वर्षं तेवढंच विचारते आहे. पण अर्धवट काही सांगू नका. "बहुतेक हेच असतील" असं एका घरी मी घाईने बोललो. पुढे ते नाव त्याच वाडीतल्या दुसऱ्या माणसाचं निघालं. तोवर त्या घरात दहा दिवस करून झाले होते. ती चूक मला अजून सलते. दोन खुणा जुळेपर्यंत, म्हणजे नाव आणि बापाचं नाव, किंवा नाव, बोट आणि महिना, तोंड उघडायचं नाही असा नियम मी त्या दिवसापासून केला.

विजयदुर्गचा बोसन:

काकांना नमस्कार. ताई, मी तुमच्या बाजूचाच. सध्या टँकरवर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा प्रमुख आहे. नेट मिळालं म्हणून लिहितो.

आमच्या घरात चार पिढ्या बोटीवर. माझे आजोबा सांगायचे की तेव्हा खलाशी एकटा भरती होत नसे. सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, आपली माणसं घेऊन चढायचा, आणि ती माणसं त्याच्याच गावची, फार तर शेजारच्या गावची. डेकवर सारंग, टंडेल, सुखाणी, खलाशी, सगळे एकमेकांचे सोयरे. म्हणून बोट बुडाली की एका वाडीत एकदम तीन-चार घरं बसायची.

यातूनच वाट निघते. पणजोबांचं नाव सापडत नसेल तर त्याच वर्षी गिर्ये, पुरळ, विजयदुर्ग, पडेल या पट्ट्यात आणखी कोण परत आलं नाही ते विचारा. त्यांच्यातल्या एकाचं नाव सापडलं की बोट सापडली, आणि बोट सापडली की त्या बोटीखालची सगळी यादी वाचायची. आमच्या आजोबांच्या मोठ्या भावाचा पत्ता असाच लागला, सारंगाच्या नावावरून.

दुसरं, मुंबईत गावमंडळाच्या खोल्या होत्या. बोटीवरून उतरलेला खलाशी पुढची बोट मिळेपर्यंत तिथे राहायचा, ट्रंक तिथे ठेवायचा. मंडळाची वर्गणीची वही असायची. आमच्या मंडळाची १९३८ पासूनची वही अजून आहे, वाळवी लागली आहे पण वाचता येते. माणसाच्या नावापुढे दर महिन्याला आणे लिहिलेले आणि एका महिन्यानंतर नुसत्या रेघा. कुणी काही शेरा मारलेला नाही. तुमच्या गावच्या मंडळाची वही कुणाच्या माळ्यावर असेल तर ती रद्दीत जायच्या आत मिळवा.

जपान्यांनी धरून नेलं हेही अगदीच अशक्य समजू नका. बोट बुडवून खलाशांना कैद केल्याची उदाहरणं आहेत. जर्मनांनी धरलेले हिंदी खलाशी ब्रेमेनजवळच्या मिलाग नोर्ड छावणीत होते. कैद्यांच्या नोंदी जिनिव्हाला रेडक्रॉसकडे असतात, पण दुसऱ्या महायुद्धातल्या माणसांसाठी अर्ज ते वर्षातल्या ठरावीक दिवसांतच घेतात आणि उत्तराला महिने लागतात. बोटी कुठून कुठे गेल्या याची कार्डं आणि खलाशांच्या याद्या लंडनला क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. तिथे जायचं असेल तर आधी बोटीचं नाव हातात हवं.

देवरूखची सून:

मला शोधायचं काही नाही, तरी लिहिते आहे. माझे चुलत सासरे आपल्या नौदलाच्या खुकरी या युद्धनौकेवर होते. ९ डिसेंबर १९७१ ला रात्री दीवसमोर पाकिस्तानी पाणबुडीने ती बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. आम्हाला तारीख माहीत आहे, जागा माहीत आहे, दीवला स्मारकावर नाव आहे. तरी माझ्या आजेसासूबाई पुढे अकरा वर्षं पोस्टमनची वाट बघायच्या. पोहत कुठल्या बंदराला लागला असेल, तिकडच्या तुरुंगात असेल, असं त्यांच्या मनात यायचं. १९७१ मधले आपले ५४ जण तिकडे असावेत असं तेव्हा पेपरात यायचं, त्यामुळे आशा सुटत नव्हती. २००७ साली त्या बेपत्ता जवानांचे काही नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग बघून आले, त्यांनाही कुणी भेटलं नाही.

ज्या घरात तारीखसुद्धा नाही, तिथल्या बाईने एवढी वर्षं कंदील कसा लावला असेल, ते मला समजतं. ताई, तो कंदील असेल तर जपून ठेवा.

आणि "तुमचा माणूस अमक्या ठिकाणी पाहिला, पैसे पाठवा" असं म्हणणारे येतात. आमच्याकडे दोघे येऊन गेले. एकाला आजेसासूबाईंनी पाटल्या काढून दिल्या होत्या.

म्हसळ्याची शिक्षिका:

मधेच विचारते, क्षमा करा. आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा सुदानमध्ये खार्टूमच्या बाजूला कामाला होता. एप्रिल २०२३ मध्ये तिकडे लढाई पेटली, त्यानंतर दोनदा फोन आला, मग बंद. त्याची आई माझ्याकडे येऊन बसते. तिने कुठे जायचं?

टपालवाले काका, हर्णै:

बाई, तुमचं काम ताईंच्या कामाआधी. कागद ऐंशी वर्षं थांबले, आणखी चार महिने थांबतील. हा मुलगा जिवंत आहे असं धरूनच चालायचं.

पोलिसांत बेपत्ता झाल्याची तक्रार केली नसेल तर आजच करा आणि तिची प्रत घ्या. पासपोर्टची झेरॉक्स, व्हिसा, कंपनीचं नाव, एजंटचं नाव, शेवटच्या दोन फोनचे नंबर आणि वेळ हे एका कागदावर लिहा. परराष्ट्र मंत्रालय आणि तिथला आपला दूतावास यांना लेखी द्या, तोंडी नको. त्याच्याबरोबर काम करणारे जे परत आले, त्यांना गाठा. २०२३ च्या एप्रिल-मेमध्ये ऑपरेशन कावेरीत पोर्ट सुदानहून हजारो माणसं आणली, त्यात त्याच्या खोलीतला कुणी असेलच.

याच्या बरोबरीने रेडक्रॉस. लढाईत ताटातूट झालेल्या माणसांना शोधणं हे त्यांचं जुनंच काम आहे. फ्रान्स आणि प्रशिया यांच्यातल्या १८७० च्या युद्धात त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला पहिली शोध-कचेरी उघडली. पहिल्या महायुद्धात कैद्यांची सत्तर लाख कार्डं हातांनी लिहिली, ती आज नेटवर बघता येतात. भारतीय रेडक्रॉसची शाखा जिल्ह्याच्या ठिकाणी असते. तिथे "फॅमिली लिंक्स"चा शोध-अर्ज भरायचा आहे असं सांगा. पहिल्या टेबलावरच्या माणसाला माहीत नसेल. एका घरच्या बाईला एका कार्यालयातून "रक्तदान पलीकडच्या खोलीत" म्हणून तीनदा परत पाठवलं होतं. चौथ्यांदा मी बरोबर गेलो. तुम्हीही त्या आईबरोबर जा, तिला एकटीला पाठवू नका. दाद लागली नाही तर दिल्लीच्या मुख्य कार्यालयाला लिहा.

अर्ज जवळच्या नातेवाइकानेच करायचा असतो. पैसे पडत नाहीत. आईला आधीच एक सांगून ठेवा. मुलगा सापडला आणि त्याने स्वतः नको म्हटलं, तर त्याचा पत्ता ते घरच्यांनाही देत नाहीत. आईला हे टोचेल, पण लढाईत लपून असलेल्या माणसाचा जीव त्याच नियमाने वाचतो.

एक कठीण गोष्टही लिहितो. इराकमध्ये मोसुलला २०१४ साली आपले ३९ कामगार पळवले गेले. घरच्यांनी जवळजवळ चार वर्षं वाट बघितली. मार्च २०१८ मध्ये कळलं की ते मारले गेले, आणि तेही ओळखू आले ते घरच्यांनी दिलेल्या डीएनए नमुन्यांमुळे. उद्या कुणी नमुना मागितला तर आईने घाबरू नये. नमुना दिला म्हणजे मुलगा गेला असं मान्य केलं, असं होत नाही.

चिपळूणचा वकील:

सातबाऱ्यापुरतं सांगतो. सात वर्षं ज्याची काही खबर नाही, तो मेला असं कायदा धरून चालतो. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. पण हे आपोआप होत नाही. हरकत आली किंवा दाखला अडला तर दिवाणी न्यायालयात जाऊन तसं जाहीर करून घ्यावं लागतं. शिवाय कोर्ट फक्त "मेला" एवढं गृहीत धरतं, कुठल्या दिवशी ते धरत नाही. वारसाच्या वादात तारखेला महत्त्व असतं, म्हणून युद्धस्मारक आयोगाची नोंद मिळाली तर ती जरूर जोडा. तिच्यावर तारीख असते. आणि सगळ्या वारसांची वंशावळ आधी तयार ठेवा, लग्न होऊन गेलेल्या आत्या-आज्यांसकट.

गिर्येची नात:

सगळ्यांची फार आभारी आहे. गेल्या शनिवारी गावी जाऊन आले.

पणजीची पेटी माळ्यावर होती. वर लुगडी, खाली एक पितळी डबा. त्यात मनीऑर्डरची अकरा कूपनं एका दोऱ्यात ओवलेली. शेवटचं कूपन ऑक्टोबर १९४२ चं आहे, शिक्का मुंबईचा, पंधरा रुपये. मागे कुणाच्या तरी हाताने मोडीत दोन ओळी. मला मोडी येत नाही. देवगडच्या एका गुरुजींना दाखवलं, त्यांनी वाचलं: "आगोठीआधी येईन. मुलीचे नाव ठेवावे, माझी वाट पाहू नये." आगोठ म्हणजे पावसाळ्याची सुरुवात.

म्हणजे रामदास नाही आणि गोदीही नाही, एवढं आता आम्हाला वाटतं. काका, तुमचा दोन खुणांचा नियम लक्षात आहे, म्हणून आजीला बोटीबद्दल एक अक्षर बोललेले नाही. त्या दोन ओळी मात्र वाचून दाखवल्या, त्या तिच्याच आहेत. तिने त्या तीन वेळा वाचायला लावल्या. मग तिने सांगितलं की तिचं नाव बारशाला ठेवलंच नव्हतं, पणजी थांबली होती. ती दोन वर्षांची झाली तेव्हा मामाने ठेवलं.

बोसनदादा, तुम्ही म्हणालात तसं विचारलं. त्याच पावसाळ्याआधी पुरळचे दोघे आणि आमच्या वाडीचा एक जण परत आले नव्हते. पुरळच्या घरी सारंगाचं नाव माहीत आहे. त्या नावाची आठ स्पेलिंगं लिहून काढली आहेत. मंगळवारी सेलर्स होमला फोन केला, पुढच्या आठवड्यात या म्हणाले. पुरळचे काका आणि मी मिळून जाणार आहोत.

टपालवाले काका, हर्णै:

स्पेलिंगं आठ नको, बारा करा. मधला व काढूनही एकदा बघा. आणि दिवस कळवा, मी पहाटेच्या एस.टी.ने निघेन.